गाडी चालत गेली पाहिजे

वहिनीची अट एकच होती. गाडी दारातून चालत गेली पाहिजे, दोरी बांधून ओढत न्यायची नाही. बाकी कोण घेतंय, कुठे नेतंय, त्यावर तिचं काही म्हणणं नव्हतं.

आमचा दादा जाऊन तेव्हा अकरा महिने झाले होते. गाडी त्याचीच. तो गेल्यापासून पत्र्याच्या शेडमध्ये चादर पांघरून बसलेली. शेड भाड्याची, आणि शेडवाल्याला ती महिनाअखेर रिकामी हवी होती. वहिनीचा मुलगा लांब नोकरीला. तो फोनवर म्हणाला, "आई, भंगारवाल्याला सांग ना. तासाभरात उचलून नेईल."

वहिनी म्हणाली, "तुझ्या बाबांना उचलून नेलं तेवढं बास झालं." आणि फोन ठेवला.

दादा काही मोठा माणूस नव्हता. शिलाई मशीन दुरुस्त करायचा. गल्लीच्या तोंडाशी दुकान, म्हणजे दुकान कसलं, एक टेबल, एक काचेचं कपाट आणि कोपऱ्यात वहिनीचं मशीन, कारण ती तिथेच बसून शिवण करायची. पण नाव असं की लोक लांबलांबून मशीन उचलून आणायचे. उस्ताद म्हणायचे त्याला. त्याची एक पद्धत होती. मशीन आलं की आधी हात लावायचा नाही. आणणाऱ्या बाईला म्हणायचा, बसा, चालवा. आणि स्वतः पाठ करून उभा राहायचा. बघितलं की माणूस फसतो म्हणायचा, ऐकलं की नाही फसत. मिनिटभर ऐकायचा आणि वळून बरोबर त्या स्क्रूवर बोट ठेवायचा. बाया तोंडात बोट घालायच्या.

लग्नाला चार वर्षं झाली आणि त्याने ही गाडी आणली. एका कारखान्याच्या साहेबाची विलायती गाडी, तेव्हाच जुनी झालेली. साहेब तिला इतका वैतागला होता की किल्ली देताना त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं झालं. वहिनीला घराला एक खोली वाढवायची होती. आठ दिवस ती बोलली नाही, घरात नुसती भांडी बोलत होती. नवव्या दिवशी दादा म्हणाला, "एकदा बस तरी. नाही आवडली तर परत करतो."

तळ्याच्या कडेचा रस्ता, नुसती वळणं. गाडी चार दारांची, दिसायला हेडमास्तरांसारखी, गंभीर. पुढे लाकडाची पट्टी, चामड्याच्या सीटा. आणि पहिल्या वळणाला जी सुटली, की हेडमास्तरांनी कोट काढून मैदानात उडी घ्यावी. वळणावर जराही झुकली नाही. वहिनीने दाराची मूठ घट्ट धरली होती ती सहाव्या वळणाला सोडली. चढावर दादाने पाय दाबला तेव्हा इंजिनाचा आवाज जाड झाला, गोड झाला, आणि पाठ सीटला चिकटली. घरी आल्यावर वहिनी एवढंच म्हणाली, "खोली पुढच्या वर्षी बघू." ती खोली काही झाली नाही.

त्या गाडीचे नखरे मात्र विचारू नका. खाली कायम तेलाचं ताट ठेवावं लागायचं. जरा दमट हवा पडली की दिवे रुसायचे. मागच्या काचेचा दांडा हातात यायचा, पोरं तो घेऊन खेळायची. दारांना खालून गंज. मागे बसणाऱ्याचे गुडघे हनुवटीला. आणि गर्दीत अडकली की तापायची. मग तिचा ताप उतरवायला दादा भर उन्हाळ्यात आत हीटर लावायचा, इंजिनाची गरमी आमच्या अंगावर. एकदा आमची ताई, म्हणजे आमच्यात सगळ्यात मोठी, त्या हीटरसमोर तासभर बसून लग्नाला पोचली. उतरल्यावर म्हणाली, "मला आता वाढा, मी शिजलेय."

दातांचे एक डॉक्टर दहा वर्षं त्या गाडीच्या मागे होते. दुकानावरून जाताना थांबायचे. "उस्ताद, विकायची झाली तर पहिलं मला सांगा." दादा त्यांना दर वेळी गाडीचे दोषच मोजून दाखवायचा, आणि इतक्या कौतुकाने की डॉक्टरांची लाळ गळायची. वहिनी मशीनवरून मान न उचलता म्हणायची, "माझे दोष पण एवढ्या प्रेमाने सांगत जा कोणाला तरी."

तर आता डॉक्टर गाडी घ्यायला तयार होते. पण गाडी धड चालत नव्हती, आणि ती चालती कशी करायची हे एकट्या वहिनीला माहीत होतं.

त्या गाडीला कार्बोरेटर दोन. दोघांनी हवा सारखी ओढली तर गाडी रेशमासारखी, एकाने जास्त ओढली की उचक्या. दादा इंजिन चालू ठेवून एक रबरी नळी घ्यायचा, एक टोक कानाला, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. आत हवेचा सूं आवाज येतो. आधी एकाचा ऐकायचा, मग दुसऱ्याचा, आणि स्क्रू फिरवत फिरवत दोन्ही सूर एक करायचा. दर महिन्याला हे करावं लागायचं, नाहीतर बाईसाहेब बिघडल्याच.

आणि आमच्या दादाला शेवटची सहा वर्षं ऐकू येत नव्हतं.

वहिनीला कळलं ते तिच्याच मशीनवरून. एक दिवस मशीनची सुई सैल झाली, खटखट खटखट वाजायला लागली, आणि दादा हातभर अंतरावर बसून चहा पीत होता. त्याने मान वर केली नाही. एरवी असा आवाज शेजारच्या घरात झाला तरी तो उठून जायचा. वहिनीने मशीन थांबवलं नाही. तशीच खटखट चालवत राहिली, आता बघेल, मग बघेल म्हणून. तो चहा संपवून कप विसळायला गेला.

चार दिवस ती काही बोलली नाही. पाचव्या दिवशी शेडमध्ये तो नळी कानाला लावून खूप वेळ उभा राहिला. मग नळीचं टोक तिच्यापुढे केलं. "जरा बघ गं, काय म्हणतेय ती."

तेव्हापासून कान वहिनीचा आणि हात दादाचा. एक बोट वर केलं की पहिल्याचा आवाज जास्त. दोन बोटं म्हणजे दुसऱ्याचा. मूठ मिटली की झालं, सारखं. दुकानातही तेच. बाई मशीन चालवायची, दादा नेहमीसारखा पाठ करून उभा, समोर कपाटाची काच, आणि काचेत कोपऱ्यातली वहिनी. ती बोटांनी दाखवायची, तो वळून स्क्रूवर बोट ठेवायचा. कोणाला संशय म्हणून नाही. गाडीत ती त्याला चिकटून बसायची, मागून हॉर्न आला की कोपराला हात लावायची. ताई चिडवायची, "या वयात काय गं हे, रस्त्यावर तरी सोड त्याला."

दादाने तिच्याकडून शब्द घेतला होता, कोणाला सांगायचं नाही. आणि त्या शब्दापायी घरात एक तडा गेला. दादा एकटा बाजारात होता. ताईने मागून चार हाका मारल्या. तो वळलाच नाही, सरळ पुढे गेला. ताईच्या मनाला ते इतकं लागलं की तिने बोलणंच टाकलं. "उस्ताद झालाय तो. बहीण कशाला दिसेल." वहिनीने घरी दादाला समोर बसवून सांगितलं, म्हणाली, "मी ताईंना खरं काय ते सांगते." दादा मग म्हणाला, "गर्विष्ठ माणसाकडे लोक मशीन आणतात. बहिऱ्याकडे कोण आणेल? आणि ताईच्या पोटात काही राहत नाही." तीन वर्षं ते तसंच राहिलं. मग दादाच गेला.

डॉक्टर आले तो रविवार होता, सकाळी दहाचा सुमार. बरोबर मिस्त्री, दादाचा दोस्त, ज्याला सगळे फटफटी म्हणतात कारण तो जन्मभर मोटरसायकलीच दुरुस्त करत आला. त्याने चार दिवस खपून तेल बदललं होतं, बॅटरी घातली होती. ताईही आली होती. दादा गेल्यापासून ती वहिनीला सामान आवरायला मदत करायची, पण दादाचा विषय निघाला की तोंड शिवून बसायची.

फटफटीने किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली पण अशी, की हिवताप भरलाय. सगळं अंग थडथड. एक उचकी, दोन उचक्या, बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. डॉक्टरांचा चेहरा पडला.

फटफटीने नळी घेतली, कानाला लावली, डोळे मिटले, उघडले. "छे. मला दोन्हीकडे सूं ऐकू येतंय. आमच्या फटफटीला कार्बोरेटर एकच, भांडण नाही तंटा नाही. वहिनी, खरं सांगू? ही गाडी उस्तादच्या कानावर चालत होती. कान गेला, गाडी गेली."

डॉक्टर हळूच म्हणाले, "मी ओढून नेतो ना. मोठ्या गॅरेजात दाखवू. नाहीच झाली तर... बघू मग."

त्या "बघू मग"चा अर्थ वहिनीला कळला. डॉक्टर बाहेर गेले, गाडीला बांधायचा दोर घेऊन आले. फटफटी खाली वाकून तो बांधायला जागा शोधायला लागला. वहिनी बघत उभी होती. दादाला नेलं तेव्हा असाच एकजण वाकून पट्टे बांधत होता.

"सोडा तो दोर," ती म्हणाली. "नळी द्या इकडे."

"वहिनी, तुम्ही?"

"गाडी चालू करा. स्क्रू तुम्ही फिरवा, मी सांगते तसा."

तिने पदर खोचला, डोक्यावरचे केस कानामागे केले आणि नळी लावली. अकरा महिन्यांनी तो आवाज तिच्या कानात आला. क्षणभर तिला स्क्रूकडे बघवेना, कारण तिथे हात दुसऱ्याचा होता. मग तिने एक बोट वर केलं. फटफटी बघतच राहिला. "अहो फिरवा ना! पहिल्याचा कमी करा. थोडा. थोडा म्हणजे काय, पीळ मारताय का कपड्याला!" नळी पलीकडे नेली. दोन बोटं. परत अलीकडे. एक. परत दोन. गाडीची थडथड कमी कमी होत गेली. मग वहिनीने मूठ मिटली आणि फटफटीने हात मागे घेतला. गाडी अशी चालायला लागली की चालू आहे का बंद, हात ठेवून बघावं.

फटफटी हळूच म्हणाला, "बोटांच्या खुणा बऱ्या आधीपासून ठरलेल्या होत्या. उस्ताद... कधीपासून?"

वहिनीने नळी गुंडाळली. "सहा वर्षं."

"दुकानात पण?"

"दुकानात पण."

फटफटीने कपाळाला हात लावला, तेलाचा डाग पडला तरी त्याला कळलं नाही. "आणि मी त्याच्याशी पाठीमागून बडबड करायचो. म्हणायचो, हल्ली लक्ष नसतं लेकाचं."

ताई भिंतीला टेकून उभी होती. "म्हणजे बाजारात मी हाका मारल्या तेव्हा..."

"नाही ऐकू आल्या ताई त्यांना."

"आणि तुला माहीत होतं."

"हो."

ताई बाहेर बघत राहिली.

डॉक्टर बिचारे मध्येच अडकले, घसा खाकरून म्हणाले, "वहिनी, दर महिन्याला मी घेऊन येऊ का इकडे? तुम्ही एकदा ऐकलं की..."

"नको. तुमच्या मिसेसना शिकवा."

"तिला ही गाडी डोळ्यांसमोर नको असते."

"मला पण नको होती," वहिनी म्हणाली. "तळ्याच्या रस्त्याने घेऊन जा त्यांना. गर्दीत तापली तर हीटर लावा. काचेचा दांडा ओढून फिरवू नका, दाबून फिरवा. आणि दिव्यांवर भरवसा ठेवू नका, उजेडात घरी या."

गाडी शेडमधून स्वतःच्या चाकांवर निघाली. गल्लीतून हळू, मग मोठ्या रस्त्याला लागली. वहिनी दारात उभी राहिली. डॉक्टरांनी गिअर जरा लवकर बदलला, तिने नाक मुरडलं. मग आवाज बाकीच्या गाड्यांत मिसळला, तरी ती उभीच. फटफटीने हत्यारं गोळा केली आणि गेला.

आत ताई एका रिकाम्या डब्यावर बसली होती. "एक विचारू?" ती म्हणाली. "माझा आवाज येत होता का गं त्याला, शेवटी शेवटी?"

"समोरून बोललात की यायचा. तुमचा आवाज मोठा, ताई. माझा गेला, पोराचा गेला, तरी तुमचा येत होता. ओठ पण ओळखायचे तुमचे."

"समोरून," ताई म्हणाली. "आणि मी तीन वर्षं तोंड फिरवून बसले."

वहिनी तिच्या शेजारी जमिनीवरच बसली, तेलाचे डाग बघून न बघितल्यासारखं करून. म्हणाली, "मी बाजारातून आले की ते विचारायचे, ताई दिसली का."

"तू काय सांगायचीस?"

"दिसल्या म्हणायचे. बऱ्या आहेत. कधी कधी तुम्ही दिसलेल्या पण नसायच्या."

ताईने पदर तोंडाला लावला. शेडवाला किल्ली मागायला दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा वहिनीने त्याला हातानेच, थांबा जरा, असं सांगितलं.