खिडकीवरचा लिंबाजी

आश्रुबाची सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं झाली होती. सुरुवात फरशी पुसण्यापासून झाली, मग बाळंतिणींचा वॉर्ड, मग ड्रेसिंगची खोली आणि शेवटची अकरा वर्षं बुधवारची खिडकी. दवाखाना ताडकळसकडून पालमला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात. बुधवारी परभणीहून मनोविकाराचे डॉक्टर येत. ते तपासत, फार्मासिस्ट सविताताई गोळ्यांची पाकिटं भरत आणि आश्रुबा ती खिडकीतून देत असे.

पूर्वी या रांगेला लोक वेड्यांची रांग म्हणत. आश्रुबानं ते बंद केलं. कोणी म्हटलंच, तर तो शांतपणे विचारी, "तुमचा नंबर कितवा?" दीडशे पेशंट तो चेहऱ्यानं ओळखायचा. त्याच्या सेवापुस्तकात एकही शेरा नव्हता, आणि निवृत्तीला आठ महिने उरले होते.

त्या बुधवारी गर्दी होती. खिडकीशी एक म्हातारी आली. चेहरा नवा होता.

"कुनाच्या गोळ्या, माय?"

"आमच्या मालकाच्या."

वरच्याच पाकिटावर लिंबाजी लिहिलेलं होतं. "लिंबाजीच्या ना?"

तिनं पदर पुढं ओढला आणि मान हलवली. आश्रुबानं पाकीट दिलं.

तासाभरानं रेणुका आली. ती आपल्या भावाच्या गोळ्या दर महिन्याला न्यायची. भावाचं नावही लिंबाजीच, वय एकोणतीस. उरलेलं पाकीट सविताताईंनी उलटून पाहिलं.

"मामा, हे जांभूळवाडीच्या म्हातारबाचं आहे. रेणुकाच्या भावाचं कुणी नेलं?"

आश्रुबाच्या लक्षात आलं. रेणुकाच्या भावाला लिथियम चालू होतं. ती गोळी रक्त तपासून बेतानं द्यायची. जांभूळवाडीच्या लिंबाजीचं मूत्रपिंड आधीच कमजोर होतं; त्याला ती विषासारखी ठरली असती. त्याचा मुलगा नागेश नेहमी येई; तो या महिन्यात पुण्याला कामाला गेला होता. कार्डावर फोन नंबर त्याचाच. फोनवर तो म्हणाला, "आई एकच्या बसनं गेली आसंल. तिच्याकडं फोन न्हाई. गोळी रातच्याला जेवल्यावर देती."

सविताताईंनी रेणुकाला दुसरं पाकीट भरून दिलं. आश्रुबानं म्हातारबाचं पाकीट खिशात घातलं आणि ड्रायव्हरची मोटारसायकल मागून घेतली. चौदा किलोमीटरच्या वाटेत त्यानं एकाच गोष्टीचा हिशेब केला: जेवण झालं असेल की नसेल. पोचला तेव्हा उन्हं अजून अंगणात होती. खिडकीवर आलेली म्हातारी, कडूबाई, शेंगा फोडत बसली होती, म्हातारा लिंबाजी बाजेवर होता. पाकीट तिच्या पदराच्या गाठीत तसंच होतं.

आश्रुबानं पाकीट बदललं, पाणी प्याला, आणि मग त्याला राग आला.

"माय, नाव चुकलं तर बोलायचं की. नवऱ्याचं नाव घ्यायला लाजता आन् दुसऱ्याच्या गोळ्या घेऊन येता."

"कुठं चुकलं?" कडूबाई म्हणाली. "तुमी लिंबाजी म्हनलात. त्येच नाव हाय. न्हाई म्हनू व्हय?"

"मग पूर्ण नाव सांगायचं."

"त्ये माझ्या तोंडातून निघायचं न्हाई. गाव इच्यारलं आसतं तर सांगितलं आसतं. सासऱ्याचं नाव सांगितलं आसतं. तुमी कुठं काय इच्यारलं?"

बाजेवरून म्हातारा म्हणाला, "बरूबर बोलायली ती." कडूबाईनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. त्यानं मोटारसायकलला किक मारली.

दवाखान्यात बुधवारच्या डॉक्टरांनी जानेवारीत एक वही ठेवली होती. चूक झाली, किंवा होता होता राहिली, तर तीत लिहायचं. लिहिणाऱ्यावर कारवाई होणार नाही, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. ऑक्टोबर लागला तरी वही कोरी होती. कर्मचारी तिला मेमोची आई म्हणत; लिहिलं की वरून खुलाशाचा मेमो येणारच.

"कुणाला काही झालं नाही, मामा," सविताताई म्हणाल्या. "आठ महिने राहिलेत. जाऊ द्या."

आश्रुबानं गुरुवारचा दिवस जाऊ दिला. शुक्रवारी दुपारी त्यानं वही उघडली. तारीख, वेळ, दोन्ही पेशंटची पूर्ण नावं लिहिली. खाली लिहिलं: "नाव मी विचारले नाही, मीच सांगितले. बाईंनी फक्त मान हलवली." आणि सही केली.

पुढच्या बुधवारी डॉक्टरांनी ती नोंद दोनदा वाचली, खाली स्वतःची सही केली, आणि पाकिटावर गाव आणि वडिलांचं नाव मोठ्या अक्षरात घालायला सांगितलं. मेमो त्या आठवड्यात आला नाही. पुढंही आला नाही. आश्रुबा दिवाळीपर्यंत टपालाकडं पाहत होता एवढंच.

खिडकीवर तो आता नाव उच्चारत नाही. गाव विचारतो, पेशंटच्या वडिलांचं नाव विचारतो, वय विचारतो, आणि मग पाकीट शोधतो. रांग हळू सरकते. मागून एकानं टोमणा मारला, "मामा, सोयरीक जमवायलाव का?"

नोव्हेंबरात कडूबाई पुन्हा आली. चेहरा ओळखीचा होता. तरी आश्रुबानं विचारलं.

"गाव?"

"जांभूळवाडी."

"सासऱ्याचं नाव?"

"माऊली. आन् वय सत्तर," ती म्हणाली. "आता द्या. बस जाईल."

त्यानं पाकीट दिलं. वहीत तोवर आणखी दोन नोंदी झाल्या होत्या. त्यातली एक सविताताईंच्या अक्षरात होती.