तीन दिवसांत आलेला रिपोर्ट

सोनोग्राफीत बाळाच्या हृदयात दोष दिसला, मुठी घट्ट वळलेल्या दिसल्या. नागपूरच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, पोटातलं पाणी काढून तपासू. पूर्ण तपासणीला तीन आठवडे लागतात, पण घाईच्या तपासणीचं तीन दिवसांत कळतं. मला पाचवा महिना लागला होता. आम्ही घाईचीही करायला सांगितली.

गावात मात्र सांगितलं, माहेरी जाते. सासूनेच बजावलं होतं, "कोनाले सांगू नोको. नजर लागते." आयुष्यात सासूचं मुकाट्याने ऐकलं ते एकदाच, आणि तेही नेमकं नको तेव्हा.

दवाखान्यात पाटी होती, इथे गर्भलिंग तपासणी होत नाही. मी तसं विचारणार नाही, असं लिहून सहीही केली. सुई आत गेली तेव्हा नवऱ्याने पाठ फिरवली. तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. अठराव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती. अशी बहुतेक बाळं जन्मापर्यंत पोचत नाहीत, पोचलीच तर फार जगत नाहीत, मॅडम म्हणाल्या. ठरवायचं आम्हालाच होतं. आम्ही ठरवलं, ठेवायचं नाही. त्या निर्णयाचा मला अजून राग येतो, आणि दुसरा कोणता घेतला असता तेही सुचत नाही.

रिकाम्या पोटाने परतले तेव्हा आमच्या लाखांदूरकडे धानाची रोवणी सुरू होती. सासूला राहवलं नाही. सुनेची सुई टोचून तपासणी केली, असं तिने शेजारणीला सांगून टाकलं. गावाला पोटातल्या बाळाची एकच तपासणी ठाऊक. त्यात मी लपून गेलेली, घरात आधीच एक मुलगी. धानाच्या बांधीत रोपं लावताना माझ्या शेजारी वाकलेल्या बाईने विचारलंच, "पोरगी होती म्हनून पाडलं काय वं?"

हातातली पऱ्ह्यांची पेंडी तिथेच आपटून मी घरी आले आणि रिपोर्ट काढला. तिच्या तोंडावर मारायला मला एकच शब्द हवा होता, मुलगा. कागदावर तो नव्हता. मुलगीही नव्हतं. कायद्याने ते लिहायचंच नसतं आणि कायदा बरोबरच आहे. पण त्या एका शब्दासाठी मी किती हपापले होते, याची मला अजून शरम वाटते.

माझी मुलगी दुसरीत आहे. शाळेतून ती तेच ऐकून आली. वेणी घालताना मी तिला सगळं समजावलं, बाळाचा आजार, सुई, रिपोर्ट. तिने शहाण्यासारखं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "आई, मी पोटात होती तवा तुले माहीत होतं काय, पोरगी आहे म्हनून?"

"नाही," मी म्हणाले. ते खरंच होतं.

"बरं झालं," ती म्हणाली.