दादाच्या पहाऱ्याची वीणा

असे अनुभव या मासिकात छापून येतात ते मी वाचतो, आणि बहुतेक वेळा पान उलटतो. सांगणारा खोटं बोलतो असं मला वाटत नाही... पण थकलेल्या माणसाला काहीही ऐकू येतं, आणि घरात मृत्यू होऊन गेलेल्या माणसाला तर जे हवं तेच ऐकू येतं, असं माझं मत. शाळेत मुलांनाही मी हेच सांगत आलो. तेव्हा आता माझं वाचताना तुम्हीही पान उलटलंत तर माझी तक्रार नाही.

आमची वाडी ओतूर आणि आळे यांच्या मधे, गाडीवाटेपासून थोडी आत. वस्तीच्या तोंडाशी मारुतीचं देऊळ, मागे ओढा, ओढ्यापलीकडे टेकडी आणि टेकडीच्या पाठीमागे माळ. हे एवढं नीट लक्षात ठेवा, कारण पुढे त्या टेकडीचाच प्रश्न आहे.

प्लेगच्या त्या वर्षी वाडी रिकामी करून आम्ही सगळे शेतात झोपड्या घालून राहिलो होतो. माझा थोरला भाऊ त्या झोपडीतच गेला. त्याला मी दादा म्हणत असे. आईवडिलांच्या मागे त्यानेच मला वाढवलं, जुन्नरला ठेवून शिकवलं. स्वतः तो शेती करायचा आणि चैत्रातल्या सप्ताहात दुपारचा पहारा द्यायचा.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सप्ताह बसला की उठेपर्यंत वीणा जमिनीला टेकवायची नाही आणि तिची तार थांबू द्यायची नाही. एकाने गळ्यात घालून उभं राहायचं, त्याची वेळ संपली की दुसऱ्याने पाया पडून ती आपल्या गळ्यात घ्यायची. घेणारा आला नाही तर देणाऱ्याने तसंच उभं राहायचं. बाईमाणसाच्या हाती वीणा देत नाहीत. वीणा खाली आली तर सप्ताह मोडला, आणि ज्याच्या पहाऱ्याला मोडला त्याच्या घराला तो बोल कायमचा लागतो.

दादाच्या उजव्या हाताचं पहिलं बोट गुऱ्हाळात चरकात सापडून अर्धं गेलं होतं. म्हणून तो मधल्या बोटाने तार छेडायचा. दोन नाद लागोपाठ, मग जरा अडखळून तिसरा. असा हात आमच्या वाडीत दुसऱ्या कुणाचा नव्हता. त्याच्यानंतरचा पहारा भिवबा धनगराचा. तो थट्टा करायचा की, दादाची वीणा माझ्या लंगड्या मेंढीवानी चालती, डोळं मिटलं तरी वळखू येती. दादा हसून म्हणायचा, मग तिला तुझ्या मेंढवाड्यात कोंड.

साथ ओसरली तरी त्या वर्षी सप्ताह करूच नये असं बऱ्याच जणांचं म्हणणं होतं. माणसंच उरली नव्हती. वहिनी मात्र ऐकेना. ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "भाऊजी, ह्यांच्या पहाऱ्याला तुम्ही उभं राहा. तुमचा इश्वास नाय, मला म्हाईत हाय. नुसतं उभं राहा. ह्यांच्या माघारी वीणा खाली आली असं कुणी म्हणाया नको."

मी हो म्हणालो. भक्तीने नाही. नाही म्हणायला जेवढं बळ लागतं तेवढंही माझ्यात उरलेलं नव्हतं. दादा गेल्यापासून मला झोप नव्हती, आणि डोळ्याला पाणीही नव्हतं. कान मात्र सारखे बाहेर. कुणी खोकलं, कुणाची वहाण वाजली, की तोच आला असं वाटायचं. दिवसभर मी जगातल्या प्रत्येक आवाजाकडे तेवढं एकच मागत होतो.

सुरुवातीचे दिवस कसेबसे निभावले. एका दुपारी टाळकरी जेवायला गेले. देवळापुढच्या मंडपात मी, खांबाशी टेकून बसलेली वहिनी, आणि ऊन. माझी वेळ भरली तरी भिवबाचा पत्ता नाही. पायाला कळा येऊ लागल्या. मी एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत राहिलो. वहिनीच्याही ते लक्षात आलं असावं, कारण ती उठून उभी राहिली आणि पुन्हा बसली. तिला वीणा घेता येत नव्हती. ओढ्याच्या वाटेवर तिची नजर खिळली होती.

मी डोळे मिटले आणि दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून तार ऐकू लागलो. आजवर मी ती कधी ऐकलीच नव्हती म्हणा ना. मला तो एकसुरी, कंटाळवाणा आवाज वाटायचा. पण त्या दुपारी लक्षात आलं की तो एक आवाज नाही. छेडल्यावर एक जाड नाद, त्याच्या पोटात एक बारीक, आणि तोही विरत गेला की अगदी शेवटी नुसती धग राहते, चूल विझल्यावर राहते तशी. त्या धगेपर्यंत मी ऐकत गेलो. ती संपेपर्यंत थांबलो, मग पुढचा नाद. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा मी काहीही न मागता काही ऐकत होतो.

आणि मग हात बदलला.

दोन लागोपाठ, जरा अडखळून तिसरा... मी घाबरलो नाही. पाय दुखत होते की नाही तेही आठवत नाही. तोंड ओलं झालं तेव्हा कळलं की मी रडतोय. डोळे उघडावेत असं वाटलं नाही. तसंच किती वेळ चाललं ते मला सांगता येणार नाही.

माझ्या पायाला कुणीतरी हात लावला. भिवबा आला होता. नियमाप्रमाणे पाया पडून त्याने वीणा आपल्या गळ्यात घेतली आणि तार सुरू ठेवत माझ्याकडे चमकून पाहिलं.

"मास्तर, तुमी व्हता व्हय?" तो म्हणाला. "मेंढरं माळावर पांगली व्हती, टेकडीमागं. येळ झाला म्हून पळत निघणार, तर वीणा ऐकू आली. म्हणलं, दादा हाय उभा. मग काय घाई न्हाई. सावकाश मेंढरं गोळा केली... ओढ्यात उतरल्यावर ध्यानात आलं, दादा कुठला आता."

बोलताना त्याचा हात सरळ, न अडखळता चालू होता.

मी खूप विचार केला आहे. माझं मधलं बोट त्या दिवशी फोड येऊन सुजलं होतं. पहिल्या बोटाने छेडणारा मी, ते बोट कोरं होतं. बरं, ग्लानीत मी नकळत दादाची नक्कल केली असेन... एवढं मी मान्य करतो. पण वीणेचा आवाज मंडपाच्या कडेपर्यंतसुद्धा धड जात नाही. पुढच्या वर्षी भिवबाला मंडपात उभं करून मी स्वतः टेकडीमागे जाऊन बसलो. वारा देवळाकडून माळाकडे होता. चंडोल पक्ष्याशिवाय काही ऐकू आलं नाही. सायन्सची जी दोन पुस्तकं माझ्याजवळ आहेत, त्यांत याचं उत्तर नाही. ओतूरच्या एका जाणत्या कीर्तनकारांना विचारलं, तर ते म्हणाले, देवाची कृपा. तेही मला उत्तर वाटलं नाही.

पण खरी न उलगडलेली गोष्ट वेगळीच आहे.

सप्ताह उठला, वीणा खाली आली नव्हती. त्या संध्याकाळी मी वहिनीला सगळं सांगितलं. वाटलं, तिला बरं वाटेल. तिने थापलेली भाकरी तव्यावर टाकली.

"मी तर तिथंच व्हते, भाऊजी," ती म्हणाली. "खांबापाशी. मला नुसती तुमची वीणा ऐकू आली." मग तव्याकडे बघत, "त्या धनगराला टेकडीपल्याड ऐकू गेलं. मलाच का नाय?"

मी चुलीतलं लाकूड आत सारलं.

त्यानंतर दुपारचा पहारा माझाच झाला. देवावर माझा विश्वास बसला असं म्हणवत नाही. पण ऐकायला मी शिकलो. शाळेत मूल काही सांगत असलं, तर त्याचं बोलणं विरेपर्यंत आता थांबता येतं. झोप लागते. दादाच्या वहाणेचा आवाज शोधणं सुटलं. हे सगळं मला त्या एका तारेने दिलं.

छेडताना मी मधलं बोट मुद्दाम मिटून ठेवतो. नक्कल नको. वहिनी दर वर्षी त्याच खांबाशी येऊन बसते. पहारा संपला की ती माझ्याकडे बघते. मी मान हलवतो... नाही, हात बदलला नाही. मग ती ताकाचा तांब्या माझ्यापुढे करते.