पार्टनर आणि असोसिएट

इंग्रजी मी शाळेत कमी आणि बाजारात जास्त शिकले. एस्टिमेट आणि कोटेशन यांतला फरक मला एका सुताराने शिकवला. त्याने दिलं होतं एस्टिमेट, मी ते कोटेशन धरून बसले, आणि कपाटं उभी राहिल्यावर त्याने आकडा वाढवला. गॅरंटी आणि वॉरंटीतला फरक शिलाई मशीनवाल्याने शिकवला. तेव्हापासून दोन इंग्रजी शब्दांचा अर्थ एकच आहे असं कोणी म्हणालं की मी सावध होते.

मोठ्या जाऊबाईंचा आणि माझा शाळेच्या गणवेशांचा धंदा. वर्तकनगरला त्यांच्या घरात दोन मशीनवर सुरू केला, आता वागळे इस्टेटमध्ये गाळा आहे. कापणं आणि शिवून घेणं त्यांच्याकडे. कापड आणणं, शाळा गाठणं, घासाघीस करणं माझ्याकडे. भागीदारीचा कागद कधी केला नाही. घरातल्या घरात कागद कसला करायचा?

उल्हासनगरला कापड घ्यायला मात्र दोघी जायचो. तिथे आमची एक रीत होती. भाव अडला की मी तणतणत उठायचं आणि चपला घालायच्या. त्यांनी जागेवरून हलायचं नाही.

"अहो शेठ, तापट आहे ती. तुम्ही जरा उतरा, मी आणते तिला परत," त्या म्हणायच्या. शेठ उतरायचा. मग त्या दाराशी येऊन हाक मारायच्या, "अगं, ये गं, बस." मी तोंड फुगवून बसायचे. पुढची सगळी खरेदी गोडीत व्हायची. त्यातला राग खरा किती आणि खोटा किती, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा मोठी नोकरी सोडून धंद्यात आला. हुशार आहे, त्याबद्दल वाद नाही. आल्या आल्या मला शिकवायला लागला. "काकू, चीप म्हणायचं नाही, इकॉनॉमिकल म्हणायचं." मी म्हटलं, "अरे, शिवण उसवली की पालक दोन्हीला एकच शिवी देतात." तो हसला. तेव्हा आमचं बरं होतं.

मग कोलशेतच्या एका नव्या शाळेची ऑर्डर आली. ती मी आणली होती. त्या ऑफिसात खेटे मी घातले होते. शेवटच्या बैठकीला आम्ही तिघं गेलो. पुतण्याने खिशातून नवी कार्डं काढून विश्वस्तांपुढे ठेवली. मी एक उचललं. जाऊबाईंच्या नावाखाली पार्टनर. पुतण्याच्या नावाखाली पार्टनर. माझ्या नावाखाली असोसिएट.

"हे काय रे?"

"काही नाही गं काकू, एकच अर्थ. असोसिएट जरा मॉडर्न वाटतं."

"एकच आहे ना? मग बदल. आईला असोसिएट लिही, मला पार्टनर."

विश्वस्त पाण्याचा ग्लास फिरवत बसले. मी जाऊबाईंकडे पाहिलं. त्या टेबलावरचं कापडाचं सँपल नीट करत होत्या, जसं काही तेच वाकडं झालं होतं.

"वहिनी, तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, नंतर बोलू. लोकांसमोर नको."

म्हणजे माहीत होतं. मी उठले, पर्स घेतली आणि दाराकडे निघाले. मागून जाऊबाईंचा आवाज आला. माझ्यासाठी नव्हे, विश्वस्तांसाठी.

"तुम्ही बोला हो. तिची सवयच आहे उठायची. येईल परत."

कोणीतरी हसलं.

मी बाहेरच्या बाकावर बसले. खोटं कशाला बोलू, हाकेची वाट पाहत बसले. आतून रंगांची, मापांची बोलणी ऐकू येत होती. हाक आली नाही. इतकी वर्षं मी त्यांच्या भरवशावर उठत होते आणि त्यांना मात्र वाटत होतं की मला नुसतं उठताच येतं. मी रिक्षा केली आणि घरी आले.

गाळ्यावर गेले नाही ते आजपर्यंत. जाऊबाई एकदा चकल्या घेऊन आल्या, तब्येतीचं विचारून गेल्या. कार्डाबद्दल चकार शब्द काढला नाही. कापडवाले आता पुतण्याला जुना भाव देत नाहीत, हेही कानावर आलं. मग त्याचा मेसेज आला. "काकू, मिसअंडरस्टँडिंग झालं. विसरून जा आणि ये ना."

मिसअंडरस्टँडिंग आणि मिस्टेक. पहिलं दोघांत मिळून होतं, दुसरं एकाचं असतं. पोराला इंग्रजी येतं, शब्द त्याने बघूनच घेतला होता.

मी उत्तरात लिहिलं, "मिस्टेक लिही. लगेच येते."

त्याने वाचलं आहे. अजून लिहिलेलं नाही. मीही माझा भाव उतरवणार नाही.