रक्त नाव सांगत नाही

नसीमबाईंच्या हातात कोणी रिपोर्ट दिला की त्या तो न वाचताच टेबलावर पालथा घालायच्या. त्यावर स्टेथोस्कोप ठेवायच्या आणि म्हणायच्या, "हां, आता बोल. पहिले माणूस, मंग कागद." चिमूरच्या त्यांच्या दवाखान्यात पहिल्यांदा येणाऱ्याला याचा राग यायचा. उन्हातान्हातून कागद घेऊन यायचं आणि डॉक्टरबाईंनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहायचं नाही म्हणजे काय! मी गेले तेव्हा माझ्यात रागावण्याइतकंही त्राण नव्हतं.

मी शिक्षिका. मूळची सावली गावाकडची, नोकरीमुळे चिमूरला. माझा नवरा दिनेश मोहर्लीला ताडोब्यात गाईड. मंगळवारी जंगल बंद, तेवढा एक दिवस तो घरी. वाघ दाखवणाऱ्या माणसाशी लग्न केलं असलं तरी मी जन्माची भित्री. त्यात चौथा महिना लागलेला. एका दवाखान्यात गरोदरपणाच्या तपासण्या झाल्या आणि रिपोर्टात एक ओळ ठळक शाईत आली. हर्पीस एक व दोन, आयजीजी पॉझिटिव्ह. त्याखाली आयजीएम, म्हणजे नव्या लागणीची खूण, आणि त्यापुढे 'बॉर्डरलाइन'. ज्यांनी तपासणी लिहून दिली त्या डॉक्टर रजेवर होत्या. मग मी शहाण्यासारखा मोबाईल उघडला. लैंगिक संबंधातून पसरतो, जन्मभर शरीरात राहतो, नवजात बाळाच्या जिवाला धोका. माझ्या आयुष्यात दिनेशशिवाय कोणी नव्हतं. मग हे आलं कुठून? आठवड्यातले बाकीचे दिवस तो रिसॉर्टांच्या गावात असतो, एवढंच डोक्यात घुमत राहिलं. बाळाचं काय होणार आणि संसाराचं काय होणार, या विचारांनी घास तोंडात फिरायला लागला.

नसीमबाई पन्नाशी ओलांडलेल्या. वडिलांचं बांगड्यांचं दुकान होतं, पण बाईंच्या मनगटात बांगडी कोणी पाहिली नाही. डोक्यावर ओढणी, पायात पुरुषी चपला आणि आवाज आठवडी बाजारातला. रागावताना त्या हिंदीवर जायच्या, समजावताना आमच्या बोलीवर यायच्या. माझा कागद पालथा घालून त्यांनी विचारलं, "मोबाईलले इचारलं का?"

मी मान डोलावली.

"मंग बाळंतपणबी त्याच्याचकडून करून घे." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "भीती कायची वाटून राह्यली? बाळाची का नवऱ्याची?"

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. मग अगदीच भलतं विचारलं, "ताप आला का तुह्या ओठाले फोड येते का?"

यायचे. लहानपणापासून यायचे. भाताच्या रोवणीच्या दिवसांत ऊनपाऊस अंगावर घेतला की ओठाच्या कडेला बारीक फोडांचा झुबका उठायचा. आईलाही उठायचा. ताप ओठावर फुटला, आता उतरेल, असं आम्ही म्हणायचो. त्याला घरात कोणी रोग म्हटलंच नव्हतं.

तेव्हा कुठे बाईंनी कागद सुलटा केला. "हर्पीस म्हणजे दोन भाऊ आहेत. एक बहुतेक ओठावर राह्यते, दुसरा बहुतेक खाली. बहुतेक म्हणून राह्यली मी, कायम नाई. तुह्या तपासणीनं दोघांले एकाच पिशवीत कोंबलं. आन् हे आयजीएम? याच्यावर माहा भरोसा नाई. जुन्या आजारातबी उठते, भलत्याच कारणानंबी उठते."

"पण मला हे कोणाकडून आलं?"

"रक्त नाव नाई सांगत, बाई. कधी आलं तेबी नाई सांगत. येऊन गेलं, एवढंच सांगते."

दोन्ही प्रकार वेगळे दाखवणारी तपासणी नागपूरला व्हायची. माझं रक्त त्यांनी पुन्हा काढलं. दिनेशचंही पाहायचं ठरलं. "पण त्याले खरं सांगून," त्यांनी बजावलं. मी कसली सांगते! गरोदरपणात दोघांचं रक्त तपासतात, एवढंच मी म्हटलं, आणि त्या भल्या माणसाने मंगळवारी येऊन मुकाट्याने दंड पुढे केला.

रिपोर्ट आले. माझा एक नंबर, म्हणजे ओठावरचा, पॉझिटिव्ह, दोन नंबर निगेटिव्ह. दिनेशचे दोन्ही निगेटिव्ह. सुटकेचा श्वास घ्यायचा तर मी जास्तच घाबरले. आतापर्यंत त्याच्यावर संशय घेत होते, आता कागदावर मी एकटी उरले होते. तो विचारणार, मला नाही तर तुला कसं? त्याला मी काय दाखवणार होते?

"तुम्हीच सांगा ना त्यांना," मी बाईंच्या विनवण्या केल्या.

"मी सांगतलं तं त्याले वाटन, डॉक्टर बायकोले वाचवून राह्यली. तूच सांग. मी बसतो इथीच."

आमच्याकडे बायकाही 'बसतो' म्हणतात. बाई खरंच बसल्या, हाताची घडी घालून, एक शब्द न बोलता. मी दिनेशला सगळं सांगितलं, माझ्या संशयासकट. त्याने दोन्ही रिपोर्ट उचलून पुन्हा वाचले. मला वाटलं, आता उठून जाईल.

"म्हणजे तुले दरसाली ओठाले येते तेच ना हे?" तो म्हणाला. "तुह्या मायलेबी होतं. आपल्या लग्नात पाह्यलं होतं मी." मग माझ्याकडे न बघता बाईंना विचारलं, "बाळाले काई होईन का?"

त्याने एवढंच विचारलं.

"काईच होनार नाई म्हणून मी सही करत नाई," बाई म्हणाल्या. "पण हे लहानपणचं दिसते, आन् जुन्या आजारात बाळाले धोका लय कमी. दिनेश, तुह्या निगेटिव्ह रिपोर्टातबी एक नंबर कधी कधी पकडल्या जात नाई, म्हणून त्याच्यावरबी नाचू नको. बाळंतपणाच्या टायमाले खाली काई दुखलं, फोड दिसला, तं लपवाचं नाई. आन् ज्याच्या ओठाले फोड असन त्यानं बाळाचा पापा घ्याचा नाई. मंग तो कोणीबी असो."

मुलगी झाली ती नसीमबाईंच्याच हातून, सुखरूप. दुसऱ्या दिवशी सावलीहून आई आली. दारात पाहिलं तर तिच्या ओठावर फोड. मी मुलीला छातीशी घट्ट धरलं आणि आईला तिथेच थांबायला सांगितलं. कारण ऐकून तिचा चेहरा पडला. "म्हणजे तुले मीच देलं का हे?" ती म्हणाली.

उत्तर नसीमबाईंनी दिलं. आईला बाकावर बसवून त्या शेजारी बसल्या. "लेकराचा पापा कोणती माय घेत नाई? माह्या मायनंबी घेतला. मलेबी येते फोड. आता थोडे दिवस कळ काढ." आई तोंडाला पदर लावून कळ काढत राहिली. लांबून नातीकडे बघायची आणि माझे कपडे धुवायची. फोडाची खपली पडून ओठ कोरा झाला तेव्हा बाईंनी तिला उजेडात नेऊन नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "घे आता." आईने मुलीला घेतलं आणि आजी-नात दोघी रडल्या. बाई चपला वाजवत दुसऱ्या पेशंटकडे गेल्या.

गेल्या उन्हाळ्यात नसीमबाई हृदयविकाराने गेल्या. दिनेश मातीला गेला होता. मी मात्र भित्रीची भित्रीच राहिले. मुलीचं अंग जरा तापलं की माझे पाय आपोआप त्यांच्या गल्लीकडे वळतात. दवाखान्याला कुलूप असतं. मी तिथे थोडा वेळ उभी राहते आणि भीती तशीच घरी घेऊन येते.