ठकीची चाल

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नाही — आणि तिला तर माझ्या पोटातलं माझ्या आधी कळतं. कोयनानगरच्या घाटात जीप फिरवत मी पर्यटकांना आजवर काय काय सांगितलंय, विचारू नकोस गड्या. धरणात एसटी गिळणारा मासा आहे. भूकंपात आमचं घर सरकत सरकत शेजाऱ्याच्या रानात गेलं आणि त्यानं भाडं मागितलं. लोक हसतात, मीही हसतो, थाप कुणाला लागत नाही. एक मात्र लागली. ती आज सांगायचीच, असं ठरवून बसलोय.

सांगलीची वैदेही आमच्या घाटात आली ती माकडांची चाल अभ्यासायला. आता माकडाच्या चालीत अभ्यासायचं काय? मीही तेच म्हणालो. तर पोरीनं जीपच्या बॉनेटवर बोटं चालवून दाखवली. गाय चालताना मागचा उजवा पाय पडला की पाठोपाठ पुढचा उजवा पडतो. माकडाचं तिरकं — मागचा उजवा, मग पुढचा डावा. शिवाय गाईचा भार पुढं, माकडाचा मागच्या पायांवर. हात कसे, फांदी चाचपायला हलके हवेत. मी दिवसभर रस्त्यानं म्हशी आणि माकडं न्याहाळत हिंडलो. खरंच की! इतकी वर्षं डोळ्यांच्या जागी काय गोट्या होत्या?

तिनं एक लांब फळी टाकली होती. खाली वजन घेणारी यंत्रं, टोकाला शेंगदाणे, बाजूला कॅमेरा. माकड ऐटीत फळीवरून गेलं, की कुठल्या पायावर किती भार, ते लॅपटॉपवर उमटायचं. शेंगदाणे ठेवायचं काम माझं. एका हुप्प्या माकडानं मला पगार किती विचारला — ते राहू दे.

मग ठकी आली. ठकी म्हणजे टोळीतली थोरली मादी, नाव मीच ठेवलेलं. तिची चाल सगळ्यांहून निराळी. भार हातांवर, मागचा उजवा पाय नुसता टेकल्यासारखा, आणि पावलं गाईच्या क्रमानं. वैदेही नाचायचीच बाकी राहिली. उतारावर राहून राहून या माकडिणीनं स्वतःची वेगळी चाल बसवलीय, असं तिला वाटलं. पण पोरगी सावध. मला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, थाप नको हं. हिच्या पायाला कधी काही लागलं होतं का?"

तूच सांग, "व्हय" म्हणायला किती वेळ लागतो? मी गळ्याला हात लावला. "गळ्याशप्पत, न्हाई. पिल्लू असल्यापासनं अशीच हाय."

माझ्या एकाही थापेवर तिनं विश्वास ठेवला नव्हता. हिच्यावर ठेवला — कारण ही सांगताना मी हसलो नव्हतो.

आदल्याच उन्हाळ्यात माझ्या जीपनं ठकीला उडवलं होतं. अपघात — असं मी मनातल्या मनातसुद्धा म्हणत आलो. अपघात कसला? रस्त्यावर बिस्किटं मीच टाकायचो. माकडं जमली की गाडी त्यांच्या अंगावर घालायची. ती उड्या मारत पांगायची, मागच्या सीटवर टाळ्या पडायच्या. माझा खास खेळ होता तो. त्या दिवशी ठकीच्या पोटाला पिल्लू बिलगलेलं होतं, तिला उठायला उशीर झाला. ब्रेक लागला असता. मी दाबला नाही. पिल्लू वाचलं, ठकीची कंबर गेली.

पुढं सांगलीत वैदेहीनं आपलं काम मांडलं, तेव्हा मला पहिल्या रांगेत बसवलं. पडद्यावर ठकी चालत होती. एका वयस्कर सरांनी विचारलं, हे लंगडणं तर नव्हे? वैदेहीनं माझ्याकडं हात केला. अख्खं सभागृह वळलं. आणि मी — उठलो, छाती काढली, मान हलवून "न्हाई" म्हणालो. टाळ्या पडल्या. मला बऱ्या वाटल्या त्या. हेही सांगायला हवं ना?

ठकी केव्हाच गेली. वैदेही आता कॉलेजात शिकवते, पोरांना ठकीची फिल्म दाखवते. परवा म्हणाली, ठकीवर पुस्तकात एक अख्खं प्रकरण लिहितेय. बास, म्हटलं. काल सकाळी जीप कडेला लावली आणि तिला फोन केला. बिस्किटं, गाडी, पिल्लू, सभागृह — सगळं सांगितलं. ती खदखदून हसली. "काका, ही मात्र भारी होती!" मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, सावकाश. मध्येच कुठंतरी तिचं हसू थांबलं.

मला वाटलं, आता प्रकरणाचं विचारेल, शिव्या घालेल. मी तयार होतो.

"म्हणजे," ती म्हणाली, "मी रोज तिला फळीवरून चालवत होते, तेव्हा तिला दुखत होतं?"

"व्हय," मी म्हणालो. "आन् मला ते दिसत हुतं."