बसवराजची न घेतलेली गाडी

रस्त्यावरून गाडी गेली की बसवराज बोलता बोलता थांबत असे. तोंडातला शब्द तसाच धरून मान किंचित तिरकी करी, आवाज लांब जाईपर्यंत ऐके आणि मग निकाल सांगे. "क्लच अर्धाच दाबतंय येडं." किंवा, "पट्टा ढिला झालाय. आठ दिवसांत रस्त्यात बसणार." त्यानंतर तो राहिलेल्या शब्दापासून बरोबर पुढे बोलू लागे. गाडी कोणती, कोणाची, हे त्याने वळून पाहिलेले मला आठवत नाही.

मी त्याच्यावर जळत असे. हे आधीच लिहिलेले बरे. तो जाऊन आठ महिने झाले. त्याच्याविषयी जे चांगले मला सांगायचे आहे, ते सगळे मी असे जळतच पाहिले आहे.

आम्ही सोलापुरात एका बाकावर शिकलो. तो मैंदर्गीहून आलेला. घरी कानडी, शाळेत मराठी, आणि गणित दोन्ही भाषांत कच्चे. मी वर्गात पहिला येत असे. पुढे मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल झालो आणि त्याने चिंचोळी एमआयडीसीत डाळ मिल टाकली. तुरीचा दाणा दाताखाली फोडून तो ओलावा सांगे. यंत्र मागाहून तेच सांगे. "माणूस आन् तूर, फोडल्याबिगर कळत न्हाई," असे त्याचे म्हणणे. मला मात्र त्याने कधी फोडून पाहिले नाही. मी त्याचा मास्तर होतो. ग्रंथपाल आणि मास्तर यांतला फरक मी त्याला अनेकदा सांगितला, पण "पुस्तकाजवळ बसतोस म्हंजे मास्तरच की," यापुढे तो गेला नाही.

आमच्या ग्रंथालयात मोटारींची दोन मासिके येत. विद्यार्थी त्यांतली चित्रे पाहत. मी वीस वर्षे त्यांतला शब्द न् शब्द वाचला. कोणत्या इंजिनाची ताकद किती, शंभरचा वेग गाठायला कोणाला किती सेकंद लागतात, मागच्या चाकांना जोर दिला की वळणावर काय होते, हे मला झोपेतही सांगता आले असते. घरी स्कूटर होती. नंतर एक जुनी छोटी मोटार आली, जिचा एसी मे महिना सोडून बाकी सगळे महिने चालत असे. बसवराजने या विषयावरची एक ओळही वाचली नव्हती. पण मिलचा टेम्पो तो असा वळवी की मागे उभ्या असलेल्या हमालाला दांडा धरावा लागत नसे. मी वाचलेले सगळे त्याच्या मनगटात आयते होते.

त्याच्या घरात वडिलांपासून एक रीत चालत आलेली होती. मोठी खरेदी करायची झाली की बाहेरच्या एका माणसाला विचारायचे. अट एवढीच, की त्या वस्तूत त्या माणसाचे काही नसावे. विकणारा नको, दलाल नको, सोयरा नको. आणि एकदा विचारले की तो सांगेल ते मोडायचे नाही. मिलसाठी दुसरे यंत्र घेताना त्याने एका निवृत्त पोस्टमनला विचारले होते.

"त्यांना डाळीतलं काय कळतं?" मी म्हणालो.

"कळत न्हाई ते चालतंय. त्यांचं त्यात काय न्हाई, ते महत्त्वाचं."

"आणि त्यांचं उत्तर पटलं नसतं तर?"

"पटल्यावरच ऐकायचं, तर मग इचारायचं कशाला?"

सहा वर्षांपूर्वी तो एका दुपारी ग्रंथालयात आला. त्याला हळू बोलता येत नसे. वाचणारी मुले माना वर करून बघू लागली. मिलला चार बरी वर्षे गेली होती आणि त्याला मोटार घ्यायची होती. मनात दोन होत्या. एक शोरूममधली पांढरी सेडान, मोठी डिकी, पाच माणसे ऐसपैस. दुसरी पुण्यातले एक गृहस्थ विकत होते ती, लाल, दोन दारांची, बुटकी. तिचे नाव त्याने उच्चारले तेही चुकीचे. तिच्याविषयी मी निदान दहा लेख वाचले होते.

"तू वाचलायस, आन् तुझं त्यात काय न्हाई," तो म्हणाला. "असा माणूस कुटं मिळतोय? तू सांगशील ती."

रविवारी दोन्ही गाड्या त्याच्या दारात आल्या. त्याच्या आईला, अव्वांना, गुडघ्यांचा त्रास होता. सेडानमध्ये त्या मागे बसल्या, हातांनी गादी चाचपली आणि म्हणाल्या, "हितं झोपता येतंय की." लाल गाडीत त्यांना बसवायला पुढची खुर्ची वाकवून बसवराजने त्यांना जवळजवळ उचलून आत ठेवले. आतून त्यांचा आवाज आला, "बसव्या, मला भायेर काढ. लोणचं घातल्यागत वाटतंय." त्याची बायको, महादेवीवहिनी, पदर तोंडाला लावून हसत होत्या. बसवराजही हसला, पण त्याचा हात गाडीच्या टपावर होता आणि तो त्याने उचलला नाही.

मग तो मला लाल गाडीतून अक्कलकोट रस्त्याला घेऊन गेला. शहर मागे पडल्यावर त्याने पाय दाबला. छपाईत इतकी वर्षे पाहिलेले वेगाचे आकडे माझ्या पाठीत येऊन बसले. तो काही दाखवत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर शाळेच्या वाटेवरचा निवांतपणा होता. वळण येण्याआधीच गाडी वळायला तयार असे. चार-पाच किलोमीटरवर त्याने बाजूला घेतली आणि किल्ली माझ्या हातात दिली. "तू चालीव. इतकं वाचलंस."

मी चालवली. चाळीसच्या वर काटा गेला नाही. एक ट्रॅक्टर आम्हाला ओलांडून गेला. बसवराज हलकेच म्हणाला, "मास्तर, झोपंल ती." त्याला मला दुखवायचे नव्हते. मला दुखले.

परतताना आम्ही चहाला थांबलो. बशीत चहा ओतून त्याने विचारले, "सांग आता. कुठली?"

मी म्हणालो, "पांढरी घे."

कारणे मला शोधावी लागली नाहीत. अव्वांचे गुडघे, दोन मुले, मैंदर्गीचा रस्ता आणि त्यावरचे गतिरोधक, दुरुस्तीसाठी दर वेळी पुण्याला जाणे. एकेक कारण मी नीट, क्रमाने सांगितले. सगळी खरी होती. ती गाडी त्याच्या हातात रोज पाहायची आणि ती त्यालाच शोभते हे रोज कबूल करायचे, हे मला झेपणार नव्हते, ते तेवढे मी सांगितले नाही.

बशीतला चहा निवत होता. त्याने तो एका घोटात संपवला. "साकु," तो म्हणाला. कानडीत याचा अर्थ पुरे. मग पुढची कित्येक वर्षे त्या विषयावर तो एक अक्षर बोलला नाही.

पांढरी गाडी आली. पेट्रोल पंपावर तो इतरांसारखाच पांढऱ्या गाड्यांच्या रांगेत उभा दिसला की मला बरे वाटे. लिहायला लाज वाटते, पण वाटे. त्याच गाडीतून माझ्या वडिलांना दवाखान्यात नेले. माझ्या मुलीच्या लग्नात तीच फुले लावून उभी होती, आणि त्याने ती पहाटे स्वतः धुतली होती. तेव्हाही जावई त्याच्याशीच जास्त बोलतो आहे, हे माझ्या नजरेतून सुटले नाही.

लाल गाडी सोलापुरातल्याच एका कंत्राटदाराने घेतली. एकदा सात रस्त्यावर आम्ही बोलत उभे असताना ती मागून गेली. बसवराज थांबला. मान तिरकी झाली. आवाज विरून गेला तरी त्याने निकाल सांगितला नाही. मी वाट पाहत होतो. शेवटी तो म्हणाला, "कुठं होतो आपण?" मधलाच शब्द विसरण्याची त्याची ती एकच वेळ.

गेल्या वर्षी त्याचे यकृत बिघडले. अडीच महिने तो अंथरुणावर होता. मी रोज संध्याकाळी जाऊन त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवी. एक वाक्य मी रोज तयार करून नेई आणि तसेच परत आणी. एके दिवशी बातम्या थांबवून तो म्हणाला, "मास्तर, तू सांगितलंस ते बरं झालं बघ. अव्वा शेवटपर्यंत मागं बसून हिंडली. लाल घेतली असती तर मी एकटाच हिंडलो असतो." मी पान उलटले आणि बाजारभाव वाचू लागलो.

त्याला न्यायच्या दिवशी गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. मिलमधले हमाल रडत होते. ज्या व्यापाऱ्यांशी त्याने भावावरून भांडणे केली तेही रडत होते. मी एका कोपऱ्यात उभा होतो. माझ्या वेळी एवढी माणसे येणार नाहीत, असे माझ्या मनात आले.

परवा महादेवीवहिनींनी बोलावून घेतले. त्यांचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. पांढरी गाडी विकून त्यात भर घालून त्याला वेगाची, दोन दारांची गाडी घ्यायची आहे. वहिनींनी किल्ली माझ्यापुढे टीपॉयवर ठेवली. "यांची रीत तुम्हाला ठाऊक आहे, भावजी. तुम्ही सांगाल ते."

मी म्हणालो, "मला विचारू नका. माझं त्यात आहे."

मग सांगावे लागले. सहा वर्षांपूर्वीचा तो रस्ता, चाळीसवरचा काटा, चहा. सांगून संपले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरे झाले असते. त्या म्हणाल्या, "हे त्यांना सांगायचं होतं, भावजी. मी काय करू याचं?"

त्यांनी किल्ली उचलली आणि जिना उतरून खाली गेल्या. मीही मागोमाग गेलो. तळमजल्यावर एक म्हातारे शिंपी सदरे शिवतात. वहिनींनी दारातूनच त्यांना मुलाच्या गाडीचे सांगितले. त्यांनी मशीनवरचा पाय काढला.

"पोराला चालवता येतंय का नीट?"

"येतंय. वडलांनीच शिकवलंय."

"मग घेऊ द्या की."

आणि पाय पुन्हा मशीनवर ठेवून त्यांनी बाहीची शिवण पुढे चालू केली. मी दारात उभा राहून त्या म्हाताऱ्याकडे पाहत होतो, आणि बसवराजवर इतकी वर्षे जळलो तसाच आता त्या शिंप्यावर जळत होतो. त्याचे त्यात काहीच नव्हते.